सुजाताची माळावरची फौज

सुजाताचा भाऊ मिलिंद मला कधी फोन करत नसे. काही निरोप असला तर तो सुजाताच द्यायची. त्यामुळे त्या बुधवारी सकाळी वर्गात हजेरी घेत असताना फोनवर त्याचं नाव उमटलं, तेव्हाच मला काय ते कळलं. मी फोन घेऊन व्हरांड्यात आले. धारूरच्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यातून बालाघाटची एक लांबलचक उतरण दिसते, तिच्याकडे बघत मी "बोल" म्हणाले. "मंगलताई, ताई गेली," मिलिंद म्हणाला. "सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणली, आन् गेली." अशा वेळी माणूस काय बोलतं, कसं झालं विचारतं, आईला सांभाळ म्हणतं. माझ्या तोंडून निघालं, "किती झाले होते रे?" तो थोडा घोटाळला आणि म्हणाला, "चव्वेचाळीस." खोटं कशाला बोलू, एक क्षणभर मला आनंद झाला. ठरले होते अडतीस, आणि माझ्या नकळत सुजातानं सहा जास्तीचे करून ठेवले, असं मला वाटलं. मग ध्यानात आलं, तो तिचं वय सांगत होता.

मी विचारत होते ते एल्फ. बोटाच्या दोन पेरांएवढे, उभट कानांचे, हातात भाले आणि धनुष्यं घेतलेले शिपाई. सुजाता त्यांची फौज उभी करत होती. चव्वेचाळीस वर्षांची, दातांच्या कवळ्या बनवणारी बाई असलं काही करते हे आमच्याकडे ज्यांना ठाऊक होतं ते हसायचे, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना सांगून समजलं नसतं. मीसुद्धा सुरुवातीला हसणाऱ्यांतलीच होते.

आमची ओळख अंबाजोगाईच्या मुलींच्या वसतिगृहातली, अकरावीपासूनची. ती युसूफ वडगावची, मी धारूरजवळच्या एका वस्तीवरची. माझे वडील, अण्णा, मेंढरं राखायचे. तिचे वडील शाळेत शिपाई होते आणि तिनं शिकावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं होतं. आमच्या खोलीत चार खाटा होत्या आणि खिडकीजवळची खाट तिची होती, कारण तिला उजेड लागायचा. साबणाच्या वडीतून ती सेफ्टी पिननं बारीक बारीक वस्तू कोरायची... खुर्ची, बैल, एकदा आमच्या वॉर्डनबाईंचा अंबाडा. आम्ही त्याच साबणानं कपडे धुवायचो, त्यामुळे तिचं कुठलंच काम आठवड्यापलीकडे टिकलं नाही. तिला त्याचं काही वाटायचं नाही. पुढं मी डी.एड.ला गेले आणि ती तेव्हाच्या औरंगाबादला दातांच्या कामाचा कोर्स करायला गेली. डॉक्टर व्हायचा नव्हे. डॉक्टर तोंडात बघून माप घेतात आणि पाठवून देतात, त्या मापाबरहुकूम कवळी, दातावरची टोपी, नुसता एखादा दात घडवणारा माणूस निराळाच असतो, त्याचा कोर्स. परत येऊन तिनं केजला बसस्थानकामागे लॅबसाठी एक खोली घेतली आणि अठरा वर्षं तिथं दात घडवले. "अर्धा तालुका माझ्या दातांनी हसतोय," असं ती म्हणायची. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही असं कुणी फार खोदून विचारायला लागलं की ती त्या माणसाच्या तोंडाकडं एकटक बघायची आणि गंभीरपणे सांगायची, "तुमचा खालचा डावा दात हलतोय, दाखवून घ्या."

लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षी तिच्याकडे चकलांब्याकडचा एक माणूस आला. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी, पण काम घरी बसून चाललेलं, म्हणून गावी आलेला. मोटारसायकलवरून पडून त्याचा समोरचा दात तुटला होता. पुढचा दात असला की सुजाता गिऱ्हाइकाला स्वतःकडे बोलवायची. तिच्यापाशी पांढऱ्या रंगाच्या सोळा छटांची एक पट्टी होती, ती ओठाजवळ धरून, खिडकीच्या उजेडात, ती त्या माणसाचा पांढरा शोधायची. काम झालं, दात बसला, आणि चार दिवसांनी तो माणूस परत आला. त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. तो एल्फ होता. भाल्याचा हात मनगटापासून तुटलेला. "ताई, एवढा दात बनवता, तर याचा हात जमंल का?" असं त्यानं विचारलं. सुजातानं दात बांधायची बारीक तार घेतली, तिच्यावर थेंबाथेंबानं ॲक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, चढवलं आणि अर्ध्या तासात त्याला हात आणि भाला दोन्ही दिले. मग विचारलं, "पण हाय कोण हा?"

त्या माणसानं तिला सगळं सांगितलं. असे शंभर-शंभर शिपाई जमवायचे, रंगवायचे, टेबलावर डोंगर-झाडं मांडून दोघांनी समोरासमोर फौजा उभ्या करायच्या. टेपनं मोजून चाल करायची, फासे टाकून लढायचं. फौजा तऱ्हेतऱ्हेच्या. त्यातली ही एल्फांची, म्हणजे हजार-हजार वर्षं जगणाऱ्या, दाट जंगलात राहणाऱ्या, फार देखण्या आणि थोड्या गर्विष्ठ लोकांची. जाताना तो तिला तो शिपाई देऊनच गेला. तो नंतर पुण्याला परतला, पण नियम कळले नाहीत की ती त्याला फोनवर विचारायची आणि तो न कंटाळता उत्तरं द्यायचा.

त्या रविवारी मी केजला गेलते. बघते तर कवळ्यांच्या साच्यांमध्ये हा उभा, आणि सुजाता हनुवटी टेकून त्याच्याकडे बघत बसलेली. "मंगे," ती म्हणाली, "मी आजवर जे केलं ते सगळं लोकांच्या तोंडात गेलं. बरोबर झालं तर कुणाला दिसतच न्हाई, आन् दिसलं तर चुकलं." मी म्हटलं, "मग?" तर म्हणाली, "मग काय न्हाई. मला एकदा दिसणारं करायचं हाय."

त्यानंतरचे दोन महिने तिनं एकही शिपाई केला नाही. नुसता बेत केला. ते दिवस आठवले की मला वाटतं, खरी फौज तिनं त्या दोन महिन्यांतच उभी केली, पुढचं नुसतं हाताचं काम होतं. एका वहीत तिनं मांडणी केली होती. वीस भालेवाले, दहा तिरंदाज, पाच घोडेस्वार, एक जादूगारीण, एक निशाण धरणारा आणि एक राणी. अडतीस. प्रत्येकाच्या पुढं तो कसा उभा राहील, कुणीकडं बघेल, हे लिहिलेलं. मी जाऊन बसले की ती कवळीचं मेण कोरता कोरता बोलत राहायची. राणी म्हातारी असावी की तरुण? हजार वर्षं जगणाऱ्या माणसाचं म्हातारपण कुठं दिसतं? "दातात दिसतं," ती स्वतःच म्हणायची, "पण तोंड मिटलेलं ठेवते मी तिचं." दुपार कलायची, समोरच्या दुकानातल्या पिठाच्या गिरणीचा आवाज बंद व्हायचा, आणि आम्ही दोघी कुठल्या तरी नसलेल्या देशात असायचो. चाळिशी गाठलेल्या दोन बायका. मला परतीची बस असायची म्हणून, नाहीतर तिथून निघवत नसे.

अडलं ते रंगावर. त्या चकलांब्याच्या माणसानं सांगितलं होतं, एल्फ म्हणजे हिरवे, जंगलातले. सुजाताला ते पटेना. हिवाळ्यातल्या एका सकाळी ती धारूरला आली आणि मला म्हणाली, "चल, किल्ल्याकडं जाऊ, यांचं गाव शोधायचं हाय." आम्ही किल्ल्याच्या अंगानं चढलो. ती दर वीस-पंचवीस पावलांना थांबत होती. मला वाटलं, रंग बघायला थांबतीय. तीही तसंच म्हणाली. वरून बघितलं तर सगळा माळ वाळल्या कुसळी गवतानं पिवळा, मध्ये मध्ये सीताफळीची धुरकट झुडपं, आणि वारा आला की गवतावरून उजेड पळत जायचा. तिनं गवताची एक काडी उपटून उजेडावर धरली. मग म्हणाली, "आपल्याकडं हिरवं दोन महिने टिकतं. हजार वर्षं जगणारं माणूस दोन महिन्यांचा रंग काहून घालील? आपले एल्फ माळावरचे. गवताच्या रंगाचे." मी विचारलं, "आणि मग कान एवढे लांब कशाला? जंगलात ठीक हाय, चाहूल घ्यायला." ती म्हणाली, "पाण्यासाठी. जमिनीखालचं पाणी ऐकू येतं त्यांना." तिनं पिशवीत चिमूट चिमूट माती भरली, गवताच्या काड्या घेतल्या. उतरताना तिनं माझा खांदा धरला तो खालपर्यंत सोडला नाही.

मग काम सुरू झालं. मेणात एक एल्फ कोरायचा, प्लास्टरमध्ये त्याचा साचा घ्यायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत ॲक्रिलिक भरायचं. अगदी कवळीसारखंच. फक्त तिच्याकडचं ॲक्रिलिक कवळीचं, त्यामुळे पहिले चार एल्फ हिरडीच्या गुलाबी रंगाचे निघाले. ते घेऊन ती युसूफ वडगावला आईकडे गेली तेव्हा मीही सोबत होते. मावशी, म्हणजे सुजाताची आई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी एकाला चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेलं, मग भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघितलं. म्हणाल्या, "तथागताचे कान खाली आलेत, कारण राजवाड्यात घातलेले जड दागिने त्यानं उतरवून ठिवले. ह्यांचे वर काहून गेलेत?" सुजाता म्हणाली, "ह्यांनी अजून काहीच उतरवलं न्हाई, आई. लढाईला निघालेत." मावशी बराच वेळ हसत होत्या. मग चारही एल्फ त्यांनी ओळीनं खिडकीत ठेवले, आणि एकाचं तोंड बाहेर होतं ते आत केलं.

रंगवायचं म्हणजे आधी काळं अस्तर द्यायचं, त्यावर गवताचा पिवळा, मग तपकिरी रंगाचं पातळ पाणी सोडायचं. ते पाणी अंगरख्याच्या चुण्यांत जाऊन बसतं आणि एकाएकी त्या बाहुल्याला अंग येतं. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली होती. अंगरख्याच्या काठाला तिनं पळसाच्या फुलाचा केशरी रंग दिला, नखाच्या कडेएवढा. शेवटी डोळे. डोळा काढताना श्वास रोखून धरायचा असतो, नाहीतर ब्रशचं टोक हलतं. आणि तिथंच कळलं. सुजाताला श्वास रोखता येईना. तीन मोजेपर्यंत खोकला यायचा. राणीचा डावा डोळा तिनं सहा वेळा पुसला. ब्रश खाली ठेवून ती मला म्हणाली, "तू काढ." मी म्हटलं, "मला न्हाई येत असलं." "मग माझ्यासंगं लातूरला चल," ती म्हणाली. राणीच्या डोळ्यापासून एकदम लातूरवर कशी आली हे मला उमगलं नाही. तिला मात्र बरेच दिवसांपासून माहीत असावं.

लातूरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून आम्हाला दाखवला. अठरा वर्षं प्लास्टर, चिनीमाती आणि धातू घासताना उडालेली धूळ तिच्या फुप्फुसात जाऊन बसली होती. फुप्फुसं कडक होत चालली होती आणि ती परत मऊ होणार नव्हती. तोंडाला रुमाल बांधून काम करायची ती, पण तेवढ्यानं असली धूळ थांबत नाही, हे आम्हाला तिथं कळलं. त्यांनी लॅब बंद करायला सांगितली. परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. रेणापूर मागं पडलं. मग म्हणाली, "छातीचा फोटो बघितलास? पांढऱ्याच्या कितीतरी छटा होत्या."

लॅब बंद झाली. कामाचं मोठं टेबल आणि तिचं सगळं सामान मिलिंदनं टेम्पोतून युसूफ वडगावला नेलं आणि ती आईपाशी राहायला आली. आता फौज थांबेल असं मी धरून चालले होते. पण पंधरा दिवसांनी गेले तर अंगणात पाठ करून बसलेली, आणि हातात बारीक कानस. एका भालेवाल्याची कड ती घासत होती. माझा तोल गेला. मी म्हणाले, "लोकांच्या दातांपायी अर्धं फुप्फुस घालवलंस, आता उरलेलं ह्या बाहुल्यांवर घालव." तिनं तो भालेवाला कापसात गुंडाळला, डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं. सगळं सावकाश. मग म्हणाली, "जा तू." मी गेले. दोन महिने आम्ही बोललो नाही. सत्तावीस वर्षांच्या मैत्रीत एवढी रिकामी जागा कधी पडली नव्हती. रविवार आला की मी घर झाडायचे, मग परत झाडायचे.

अबोला तिनंच मोडला. फोनवर तिचा बोलून पाठवलेला निरोप आला. मध्ये मध्ये श्वासासाठी थांबत ती म्हणत होती, "मंगे, दहा जण उभे हायेत. पण समोर कुणीच न्हाई. समोर कुणी नसलं तर ती फौज नसती बघ... नुसती रांग असती. तू माझा शत्रू हो." मी तो निरोप शाळेच्या नळापाशी उभी राहून तीनदा ऐकला. संध्याकाळी फोन करून म्हटलं, "एका अटीवर. घासायचं काम माझं. तू फक्त मेण कोरायचं." ती म्हणाली, "कान मोडशील." मी म्हटलं, "मोडले तर मोडले."

आणि मोडलेच. आमच्या धारूरच्या अंगणात, तोंडाला ओला कपडा बांधून, पाण्याच्या पातेल्यात बुडवून मी ते घासायचे, म्हणजे धूळ उडत नाही. पाचव्याच एल्फाचा उजवा कान टोकापासून गेला. जीव मुठीत धरून मी तो तिला दाखवला. तिनं उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "कान गेलेला एल्फ म्हंजे आपल्यातलाच माणूस की." त्याच्या हातात तिनं निशाण दिलं.

पण शत्रू म्हणून मी काय उभं करणार होते? मला राक्षस येत नव्हते, घोडे येत नव्हते. लहानपणी अण्णांमागं रानात हिंडताना मी ओढ्याच्या काळ्या मातीची एकच गोष्ट करायचे, मेंढरं. तीच केली. बारा मेंढरं, दोन कुत्री आणि घोंगडीवाला एक मेंढपाळ. अण्णा आता फारसं उठत-बसत नाहीत, पण त्यांनी खाटेवरूनच एकेक मेंढरू हातात घेऊन तपासलं आणि दोन नापास केली. "ही लंगडती," म्हणाले, "कळपामागं राहील." ती दोन मी परत केली. घाबरतच सगळं पिशवीत घालून युसूफ वडगावला गेले. सुजातानं टेबलावर गोणपाट अंथरून माळ तयार ठेवला होता. टोकाला निळी फीत, तो ओढा. माझी मेंढरं बघून ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. एकेक मेंढरू तिनं गोणपाटावर ठेवलं आणि म्हणाली, "मग हे मारामारीचं युद्धच न्हाई. एल्फ गवत राखून हायेत आन् मेंढरांना पाण्यावर जायचंय. बरोबर का?" त्या दुपारी आम्ही दोघींनी नियम बदलले. मेंढरू एका चालीत एक वीत जाईल. तिरंदाजानं नेम धरला तर फासा टाकायचा, चार किंवा वर पडलं तर मेंढरू भिऊन आपल्या जागी परत, कमी पडलं तर सुटलं. बारातली सात पाण्याला लागली तर मी जिंकले.

पहिली लढाई झाली तेव्हा तिचे सोळा एल्फ झाले होते. नाकाला ऑक्सिजनची नळी, शेजारी ते यंत्र घुरघुरतंय, आणि सुजाता टेबलावर वाकून अशी खेळत होती की मला माझी मैत्रीण ओळखू येईना. तिनं मला जराही सूट दिली नाही. मेंढरं तीनच पोचली. मी कुत्रं चुकीच्या बाजूला नेलं तर म्हणाली, "अण्णांना सांगू का?" मावशी दाराशी बसून शेंगा फोडत बघत होत्या. दुसऱ्या रविवारी मी जिंकले, आठ मेंढरं पाण्यावर. सुजातानं टेप परत लावून सगळं मोजून बघितलं. खरंच जिंकले होते. ती पाठ टेकून बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "कसलं भारी वाटतंय गं हरल्यावरसुद्धा." हिवाळाभर आम्ही खेळलो. त्या खोलीत पश्चिमेचं ऊन यायचं, गोणपाटावर त्या लहान लहान माणसांच्या लांब सावल्या पडायच्या, भाल्याची सावली पार ओढ्यापर्यंत. खेळ कधी थांबायचा आणि नुसतं बघणं कधी सुरू व्हायचं ते कळायचं नाही. एकदा ती म्हणाली, "मला वाटतं, मी त्यांच्यातलं कुणीतरी झाले तर मी निशाणवाला होईन. त्याला लढावं लागत न्हाई, नुसतं उभं राहायचं." दोघींनाही ठाऊक होतं की घोडेस्वार व्हायचे नाहीत. जादूगारीण व्हायची नाही. वहीतली ती पानं ती उलटायची, वाचायची आणि पुढं जायची. खंत करताना मी तिला बघितलं नाही. पण एकदा घोडेस्वारांच्या पानावर तिचं बोट जरा जास्त थांबलं होतं.

शेवटच्या रविवारी डाव अर्ध्यावर राहिला. माझी पाच मेंढरं पाण्यावर पोचली होती, सहावं ओढ्यापासून वीतभर. पाळी तिची होती. तिला दम लागला. "तसंच राहू दे," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी निघाली. मला सुट्टी मागता आली असती. मी मागितली नाही, फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "ये तवा ये. माझीच बारी हाय, मी विचार करते." तिसऱ्या दिवशी, बुधवारी, मिलिंदचा फोन आला.

त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं, आतल्या खोलीकडे मी गेले नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही बाहेरच बसले. मग तीन आठवड्यांनी एका रविवारी, सवयीनं म्हणा, बस पकडली. चकलांब्याच्या त्या माणसानं मला फोन केला होता. ती फौज पुण्याला नेऊन कुठं तरी नीट मांडून ठेवावी असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते चांगल्या मनानं होतं. मावशींना विचारावं, असं ठरवून मी गेले.

मावशींनी मला थेट आतल्या खोलीत नेलं. टेबल जसंच्या तसं होतं. ऑक्सिजनचं यंत्र गेलं होतं, त्यामुळे खोली फार शांत वाटत होती. एकवीस एल्फ. अकरा भालेवाले, आठ तिरंदाज, निशाणवाला, राणी. माझी मेंढरं. कशावर धुळीचा कण नव्हता. "रोज मऊ फडक्यानं पुसते," मावशी म्हणाल्या, "पण कुणालाबी हलवलं न्हाई. खाली खूण करून, उचलून, पुसून परत तिथंच ठिवते." मी पुण्याचा विषय काढणार होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तू यायची न्हाईस म्हणल्यावर तीन दिवस हितंच बसून बघत हुती. मला म्हणली, आई, कडेचा तिरंदाज नेम धरंल, दुसरा उपाय न्हाई." आणि त्यांनी टेबलाच्या कडेचा फासा उचलला. हातात खळखळवला. मी बघतच राहिले. हिवाळाभर दाराशी शेंगा फोडत बसलेल्या ह्या बाईला सगळे नियम पाठ झाले होते. त्यांनी फासा टाकला. दोन पडले.

"चुकला," मावशीच म्हणाल्या. "सुटलं तुझं मेंढरू." थोडा वेळ त्या तिरंदाजाकडे बघत उभ्या राहिल्या. मग पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "हे पोचलं की एकच राहिलं म्हण की तुला. आता तुझी बारी. मी चहा ठिवते." दाराशी जाऊन वळल्या. "मी येईस्तवर माझ्या माणसांना हात लावू नको."

मी टेप घेतला आणि मेंढरापासून ओढ्यापर्यंतचं अंतर मोजायला वाकले.